वीस वर्षांची अट सैल नको

मालवाहू वाहन चालवण्यासाठीची वीस वर्षांची अट सैल होता कामा नये. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल, तर हलक्या वाहनाच्या परवान्यावर मालवाहतूक करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ मधील वयोमर्यादा मात्र कायम आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून हळद, सोयाबीन घेऊन हिंगोलीला जाणारे लहान टेम्पो याच वजनात मोडतात. हलक्या वाहनाचा परवाना अठराव्या वर्षीच मिळतो. तो दाखवला की वय विचारतो कोण? मालकालाही कमी मजुरीत पोरगा हवाच असतो.

हळदीची आवक वाढण्याआधी परिवहन विभागाने बाजार समितीच्या फाटकावरच चालकांच्या जन्मतारखा तपासाव्यात आणि कलम ५ नुसार वाहनमालकांवरही कारवाई करावी.