न भरणारी जखम आणि घरचा डॉक्टर

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा रोग, असा समज सुशिक्षितांत आणि काही अंशी डॉक्टरांतही रूढ आहे. सावळ्या त्वचेला उन्हापासून बरेच संरक्षण मिळते, हे खरे. परंतु हा रोग केवळ उन्हानेच होतो असे नाही. वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी आवळलेल्या धोतरामुळे होणाऱ्या कर्करोगाची नोंद टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ सालीच केली होती. २०२४ साली वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी अशाच दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी लुगडे नेसणाऱ्या बाईंची कमरेची जखम दोन वर्षे भरली नव्हती. निदान होईतो रोग जांघेतील गाठींपर्यंत पोचला होता.

उरणकरांनी ही हकीकत परकी मानू नये. करंजा-मोऱ्याच्या कोळीवाड्यांत घट्ट लुगडे नेसणाऱ्या म्हाताऱ्या आजही आहेत. मिठागरांत अनवाणी राबलेल्यांच्या पायांच्या जुनाट जखमाही आहेत. अशी माणसे प्रथम जातात ती गल्लीतल्या डॉक्टरकडे. तेथे मलम मिळते, मग दुसरे मलम मिळते. वस्तुतः वेळीच निदान झाले तर जागा बधिर करून केलेली लहानशी शस्त्रक्रिया बहुधा पुरते. उशीर झाला की मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रुग्णाबरोबर सोबत्याचाही रोज बुडणे आले. २०२४ साली अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकल आली, परळ जवळ आले; पण डॉक्टरने 'जा' म्हटल्याखेरीज जाणार कोण?

सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा समावेश आहे, त्वचेचा नाही. रोग आपल्याकडे विरळ असल्याने सर्वांची तपासणी हा पैशाचा अपव्ययच ठरेल. म्हणूनच घरच्या डॉक्टरला शिकविणे हा स्वस्त मार्ग होय. दीड-दोन महिन्यांच्या उपचारांनी न भरणारी जखम, भाजल्याच्या जुन्या व्रणावर उठलेली गाठ, तळपायावरचा वाढता काळा डाग, एवढे ओळखून तुकडा तपासणीस पाठविणे त्याने शिकावे. त्याला काही रविवार पुरतील, आणि शिकविणारे टाटाचे केंद्र याच जिल्ह्यात, खारघरला आहे.

अडचण निराळीच आहे. रुग्ण पुढे पाठविला की डॉक्टरची मलमपट्टीची फी बुडते, आणि पुढे काय झाले हेही त्याला सहसा कळत नाही. फीचे राहू द्या. निदान तपासणीचा अहवाल तरी त्याच्याकडे परत यावयास हवा.