परवाना विकत नको, परीक्षा हवी

मोटारसायकल चालविण्याच्या परवान्याची परीक्षा हा पक्षाच्या साप्ताहिकाने हाताळावयाचा विषय आहे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. जमीन, पाणी, मजुरी आणि विस्थापन हे प्रश्न उभे असताना लायसन्सची चर्चा कशाला, असे विचारणारे साथीही भेटतात. माझे म्हणणे असे की, एस.टी. जेथे थांबते त्याच्या पुढचा सारा संसार ज्या जिल्ह्यात दुचाकीवर चालतो, तेथे हा परवाना श्रमिकाच्या जगण्याच्या साधनांत मोडतो. तो मिळविण्याच्या बाबतीत शासनाची जशी अनास्था आहे, तशीच आपल्या कार्यकर्त्यांनाही एक चुकीची सवय लागली आहे. या दोहोंविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक होते आणि साक्षरता ६४.३८ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. तापीकाठचे शहादा आणि सातपुड्यातील धडगाव यांत केवळ अंतराचे नव्हे, एका युगाचे अंतर आहे. खताचे पोते, दुधाची किटली, मोहफुलांची गोणी, तापाने फणफणलेले मूल आणि बाळंतपणाला निघालेली बाई या साऱ्यांना पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणणारे वाहन एकच आहे, ते म्हणजे मोटारसायकल. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कामगारांचा संप चालला, तेव्हा डोंगरातला माणूस कोणाच्या भरवशावर जगला, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

आता कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यावाचून वाहन चालविणे हा गुन्हा ठरविला. या गुन्ह्याचा दंड पूर्वी ५०० रुपयांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो ५,००० रुपये झाला आणि महाराष्ट्राने वाढीव दंडाची अंमलबजावणी २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरू केली. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ साली आपल्या राज्यात दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे हा दंड जवळजवळ सतरा दिवसांच्या मजुरीइतका झाला. उलट परवान्याचा सरकारी खर्च पाहा. २०१६ च्या अखेरीस ठरलेल्या केंद्रीय दरांप्रमाणे शिकाऊ परवान्याचे १५०, त्याच्या परीक्षेचे ५०, वाहन चालविण्याच्या परीक्षेचे ३०० आणि पक्क्या परवान्याचे २००, असे एका वर्गाच्या वाहनासाठी मूळ शुल्क ७०० रुपये होते. ही रक्कम अडीच दिवसांच्या मजुरीहूनही कमी आहे. मग माणसे परवाना का काढीत नाहीत? सरकारी दर आणि प्रत्यक्ष किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याचे उत्तर. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा फरक शिकवावा लागतो. जिल्ह्याच्या गावी निदान एक खेप, नापास झाल्यास दुसरी, प्रत्येक खेपेला बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचे पेट्रोल आणि शेवटी दलालाचा हिस्सा अशी त्या सातशेची बेरीज वाढत जाते.

शासन म्हणते, सारे काही आता घरबसल्या होते. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची लेखी परीक्षा आधारच्या ओळखीवर घरून देण्याची सोय झाली. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावात मोठ्या समारंभाने वाटले गेले होते, हे येथे आठवते. त्या मानाने ही सोय सर्वांत आधी आपल्याकडे रुजावयास हवी होती. परंतु आधारला जोडलेला मोबाईल, त्याला मिळणारी रेंज आणि प्रश्न वाचता येणारे डोळे या तिन्ही गोष्टी एकत्र असल्याशिवाय ती सोय कोणाच्या उपयोगाची? प्रश्न मराठी, हिंदी अथवा इंग्रजीत येतात. पावरी, भिलोरी वा मावची बोलणाऱ्याने काय करावे? खाजगी दुचाकीच्या परवान्यासाठी कायद्याने शिक्षणाची कोणतीही अट घातलेली नाही. कायद्याने न घातलेली ही अट संगणकाच्या पडद्याने घातली आहे. मग नाक्यावरच्या दुकानात दुसराच कोणी उत्तरे देतो आणि ज्याच्या नावाने परवाना निघतो, त्याला रस्त्यावरील खुणांचा अर्थ कधीच कळत नाही.

यात आणखी एक अडचण आहे आणि ती मंत्रालयात बसून दिसणार नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा त्यातले तीस दिवस उलटल्याखेरीज देता येत नाही. आपल्या जिल्ह्यातील हजारो जोडपी पावसाळा संपताच ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. भाद्रपदात काढलेल्या शिकाऊ परवान्याची मुदत बारडोलीच्या फडातच संपते. परतल्यावर शुल्क पुन्हा, परीक्षा पुन्हा आणि खेपाही पुन्हा. सारा कारभार वर्षभर एका जागी राहणाऱ्या पगारदाराचे वेळापत्रक समोर ठेवून आखलेला आहे.

अशा स्थितीत आपला कार्यकर्ता काय करतो? तो लोकांची अडचण जाणतो, म्हणून ओळखीच्या दलालाला गाठतो आणि दहा-वीस तरुणांचे परवाने ‘करून देतो’. त्यात त्याचा वैयक्तिक लाभ नसतो, हे मान्य. लोक दुवा देतात, निवडणुकीच्या वेळी आठवण ठेवतात. परंतु साथींनो, हे काम समाजवादी कार्यकर्त्याचे नव्हे, लहानशा जहागीरदाराचे आहे. हक्काची वस्तू मेहेरबानी म्हणून मिळवून द्यावयाची आणि त्या मेहेरबानीवर आपले पुढारीपण उभे करावयाचे, हीच तर प्रस्थापित पक्षांची रीत. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा शिबिरांतून शेतमजूर स्वतःचा हक्क स्वतः मांडावयास शिकला. त्या परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी परवान्याच्या बाबतीत वशिल्याचा मार्ग धरावा, हे शोभत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आमची मुले लहानपणापासून गाडी चालवितात. त्यांना परीक्षा कशाला? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्याने त्या वर्षी ५०,०२९ जीव गेले. यांतील बहुतेकांना गाडी ‘येत’ होती. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिसच्या परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात असे आढळले की, अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्या-मित्रांच्या मदतीने शिकले होते. संकटाच्या क्षणी ते मागचा ब्रेक करकचून दाबीत आणि पुढचा पुरेसा वापरीत नसत. आपल्याकडेही ‘पुढचा ब्रेक लावलास तर उलटशील’ हा उपदेश पिढीजात चालत आला आहे. ब्रिटनने १९९० पासून नवशिक्या मोटारसायकलस्वारांना प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचे केले. गाडी पुढे नेता येणे हे एक, आणि ती वेळेवर थांबविता येणे हे दुसरे. परीक्षा या दुसऱ्या गोष्टीसाठी असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परीक्षा म्हणजे निव्वळ नाटक असेल, तर ती टाळली म्हणून काय बिघडले? परीक्षेचे नाटक झाले आहे, हे मला मान्य आहे. नियमांप्रमाणे गिअर बदलणे, वळणे, इशारे देणे, मागच्या वाहनाचे भान ठेवणे, अचानक थांबणे हे सारे तपासावयाचे असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सपाट मैदानावर आठचा आकडा काढला की काम संपते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा शेतकरीसुद्धा त्याची एक गिरकी पाहून पैसे मोजीत नाही. दात, पाय आणि चाल सारे पारखून घेतो. चांदसैलीच्या घाटात पावसाळी वळणावर उतरणाऱ्या तरुणाची पारख मात्र मिनिटभरात होते. परंतु नाटक बंद करावयाचे तर परीक्षा खरी करा अशी मागणी करावी लागेल. तिकीट काळ्या बाजारात घेऊन नाटक कसे बंद पडेल?

आणि खरा प्रश्न दंडाच्या पलीकडचा आहे. गाडीचा नोंदणीकृत मालक स्वतः चालवीत असताना मेला, तर त्याच्या वारसांना मिळावयाचे वैयक्तिक अपघात विम्याचे संरक्षण २०१८ साली १५ लाख रुपये करण्यात आले. त्याची अट अशी की, चालकाजवळ त्या वर्गाच्या वाहनाचा वैध परवाना असला पाहिजे. परवाना नसेल तर पोलिसाला चुकविणारा तरुण दंडाचे पाच हजार वाचवितो आणि त्याची विधवा १५ लाखांना मुकते. त्याने दुसऱ्या कोणाला उडविले तर काय? २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात घालून दिलेल्या तत्त्वांप्रमाणे विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावयाची आणि मालकाचा कसूर सिद्ध झाल्यास ती त्याच्याकडून वसूल करावयाची. दोन एकर वनपट्ट्याच्या धन्याकडून काय वसूल होणार? अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही पाड्यापाड्यावर सांगितले पाहिजे.

सरकारचा कल मात्र उलट्या दिशेने आहे. २०२१ साली केलेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातून शिकून बाहेर पडणाऱ्याला परिवहन कार्यालयातील वाहन चालविण्याच्या परीक्षेतून सूट मिळते. अशा केंद्राला स्वतःचे चाचणी मैदान, सिम्युलेटर आणि वर्गखोल्या लागतात. भांडवल जेथे जाईल तेथेच ती निघतील, आणि भांडवल धडगावला जात नाही. प्रशिक्षणाला आमचा विरोध नाही. ज्याच्यापाशी शुल्क आहे त्यालाच ते मिळावे आणि इतरांनी उन्हात रांग लावावी, याला विरोध आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. तालुक्याच्या गावी ठरल्या तारखांना परिवहन कार्यालयाचे शिबीर भरविण्याची पद्धत राज्यात जुनीच आहे. ते शिबीर धडगावला आणि मोलगीला बाजाराच्या दिवशी, आगाऊ जाहीर करून नियमित भरावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांची शिकाऊ परीक्षा तोंडी आणि त्यांच्या बोलीत व्हावी. ऊसतोड कामगारांसाठी ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात खास शिबिरे घ्यावीत. परीक्षेत उतार, वळण आणि तातडीने थांबणे यांचा समावेश खरोखर व्हावा. २०२३ साली ‘शासन आपल्या दारी’चे मोठमोठे मंडप उभे राहिले होते. या कामाला मंडप लागत नाही. एक निरीक्षक, एक मोकळे मैदान आणि एक टेबल पुरते.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्याने स्वस्थ बसू नये. शाळेच्या मैदानावर सुटीच्या दिवशी चुन्याच्या फक्कीने आठचा आकडा आखता येतो. शिकाऊ परवाना हाती असलेल्या तरुणांना आणि तरुणींनाही तेथे बोलवा. प्रथम मोठे वर्तुळ, मग लहान, मग आठ. पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच धरून, मागचा ब्रेक हलकासा टेकवून. नजर पुढच्या चाकावर नको, जेथे जावयाचे तेथे हवी; पाय जमिनीला लागू नये. त्यानंतर सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक एकत्र, बेताने आणि वाढत्या जोराने लावण्याचा सराव घ्या. घाट उतरताना पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करण्याची सवय मोडून काढा; गाडी खालच्या गिअरमध्येच उतरली पाहिजे. हेल्मेट हँडलला नव्हे, डोक्याला बांधावयाचे असते, हेही सांगा. खुणांचे अर्थ बोलीत समजावून द्या. अर्ज ज्याचा त्याने भरावा. आपण शेजारी बसावे. कोणी नापास झाला तर सात दिवसांनी पुन्हा बसता येते, हा त्याचा कायदेशीर हक्क त्याला ठाऊक असू द्या.

असा एक तरुण दलालावाचून परीक्षा देऊन परतला, तर तो परवान्यासोबत आणखी एक गोष्ट घेऊन येतो. सरकारी कचेरीत जाऊन आपले काम आपण करता येते, हा अनुभव त्याच्या गाठीला असतो. उद्या तोच तरुण वनहक्काचा दावा, रेशनचा हिशेब आणि मजुरीची थकबाकी मागावयास उभा राहील. दलालाकरवी परवाना मिळालेला तरुण तसा उभा राहणार नाही. तो पुन्हा दलालाच्याच दारी जाईल. आपल्याला कोणता तरुण घडवावयाचा आहे, हे प्रत्येक शाखेने आपल्या पुढच्याच बैठकीत ठरवावे आणि दिवाळीनंतर माणसे उसाच्या फडाकडे निघण्यापूर्वी निदान एका मैदानावर फक्की पडलेली दिसावी.