लोकनायक अणे : दोन्ही बाजूंना न परवडणारा नेता

स्वतंत्र विदर्भाचा विषय निघाला की एक ठरावीक उत्तर तयार असते : ही मागणी मराठीद्वेष्ट्या, हिंदीभाषक व्यापाऱ्यांची. असे म्हणणाऱ्यांनी माधव श्रीहरी अणे हे नाव एकदा वाचावे.

अणे यांचा जन्म 1880 चा, वणीचा. वकिली यवतमाळला. निष्ठा टिळकांवर, आणि तीही अशी की टिळकांवर त्यांनी संस्कृत महाकाव्य रचले. त्याला 1973 मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1930 साली पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला. या माणसाला मराठीद्वेष्टा ठरवायचे, तर मराठीपणाची व्याख्याच बदलावी लागेल.

आता मतपेटीकडे वळू. 1955 मध्ये फाजल अली आयोगाने विदर्भ राज्याची शिफारस केली. केंद्राने ती नाकारली. 1956 मध्ये नागपूरची राजधानी गेली. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. त्यानंतर 1962 च्या लोकसभा निवडणुकीत राज्यभर काँग्रेसचा वरचष्मा असताना नागपूरने निवडले कोणाला? एक्याऐंशी वर्षांच्या, विदर्भवादी, अपक्ष अण्यांना. सीताबर्डीच्या किल्ल्याभोवतीचे हे शहर मराठीच बोलत होते. एका भाषेचे एकच राज्य असावे, हे मात्र त्याने मान्य केले नव्हते.

विदर्भवाद्यांनीही फार हुरळून जाऊ नये. त्यांच्या भाषणांतले अणे 1930 च्या सत्याग्रहावरून थेट 1962 वर उडी घेतात. मधली वर्षे गैरसोयीची आहेत. 1941 मध्ये, काँग्रेसचे वैयक्तिक सत्याग्रही तुरुंगात जात असताना, अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला, हे खरे. पण त्याच वर्षी ते सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले, हेही तितकेच खरे. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले.

याला संधिसाधूपणा म्हणणे सोपे आहे, पण उथळही. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचा हा अखेरचा मोठा अनुयायी होता : मिळेल ते घ्यावे, उरलेल्यासाठी सभागृहात भांडावे. 1941 चा निर्णय तरीही चुकलाच. तुरुंग भरलेले असताना त्या मंडळातील खुर्ची स्वीकारणे कोणत्याही सूत्राने शोभत नाही. मात्र विदर्भाची मागणी त्यांनी त्याच सूत्राने, मते मागून, संसदेत बसून मांडली. 1967 पर्यंत ते नागपूरचे खासदार होते. 26 जानेवारी 1968 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही विदर्भ महाराष्ट्रातच होता.