स्मिथ म्हणजे इंग्रजच असं नाही! जगभर पसरलेलं हे आडनाव नेमकं आलं कुठून?

ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ, दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅमी स्मिथ, इंग्लंडचा जेमी स्मिथ आणि मुंबई इंडियन्सकडून सलामीला खेळलेला बार्बाडोसचा ड्वेन स्मिथ. चार देश, आडनाव एकच. मग हे सगळे मूळचे एकाच घराण्यातले का?

अजिबात नाही. जुन्या इंग्रजीत धातूकाम करणाऱ्या कारागिराला, मुख्यतः लोहाराला, स्मिथ म्हणत. जर्मनीतला श्मिट, हंगेरीतला कोवाच, इटलीतला फेरारी हीसुद्धा लोहारकामावरूनच पडलेली आडनावं. इंग्लंडमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकात आडनावं पिढीजात होऊ लागली, आणि मग मुलगा शिंपी झाला तरी त्याचं आडनाव स्मिथच राहिलं.

स्मिथ इतके जास्त का? लोहार खूप होते म्हणून, असं उत्तर सर्रास दिलं जातं. पण शेतकरी तर त्याहून कितीतरी जास्त होते! ज्या गावात सगळेच शेती करतात, तिथे ‘शेतकरी’ म्हणून कुणाची ओळख पटत नाही. लोहार मात्र गावात एखाद-दुसराच, त्यामुळे ‘लोहाराचा जॉन’ म्हटलं की लगेच कळायचं. आपल्याकडे पाटील गावात एकच, पण गावं हजारो, तसंच हे. ठिकठिकाणी हे आडनाव स्वतंत्रपणे पडलं, म्हणूनच दोन स्मिथ एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही.

अमेरिकेतली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. २०१० च्या जनगणनेनुसार तिथे २४ लाख ४२ हजार ९७७ स्मिथ होते आणि त्यातले सुमारे २३ टक्के कृष्णवर्णीय. याचं कारण गुलामगिरीत आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव असे. गुलामाचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि १८७० च्या जनगणनेत यातले बहुसंख्य लोक पहिल्यांदा नाव-आडनावासह नोंदले गेले. काहींनी मालकाचं आडनाव ठेवलं, काहींनी मुद्दाम वेगळं निवडलं. आज आपले पूर्वज शोधणाऱ्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचा माग १८७० पाशीच अडतो, तो यामुळेच.

जर्मन श्मिटही स्मिथ झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली, जर्मन नावांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं आणि अनेकांनी आडनाव बदललं. त्याच वर्षी ब्रिटिश राजघराण्यानेही आपलं जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ धारण केलं, तिथे सामान्यांची काय कथा! एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी स्थलांतरितांची नावं परस्पर बदलली, हा सोशल मीडियावरचा लाडका किस्सा मात्र खरा नाही. तिथले कारकून जहाज निघालेल्या बंदरातच तयार झालेल्या यादीवरून नावं पडताळत. बदल बहुतेकदा लोकांनी स्वतः, नंतर केले.

तरीही अमेरिकेतल्या स्थलांतराच्या वादात आडनावांच्या यादीचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून फिरतात. २०१० च्या यादीत पहिल्या दहांत गार्सिया, रॉड्रिग्ज आणि मार्टिनेझ आहेत. १९९० मध्ये यातलं एकही नव्हतं. म्हणून स्मिथ कमी झाले का? २००० ते २०१० या काळात त्यांची संख्या साडेसहासष्ट हजारांहून अधिक वाढली. लोकसंख्येतला वाटा तेवढा घटला, दर लाखामागे सुमारे ८८१ वरून ८२८ वर. पण स्मिथचा वाटा म्हणजे गोऱ्यांचा वाटा नव्हे, आणि यादीवरून भांडणारे नेमके हेच विसरतात.

न्यूझीलंडमध्ये तर बदल आणखी ठळक आहे. तिथे गेली अनेक वर्षं नवजात बाळांच्या नोंदींत सर्वाधिक आढळणारं आडनाव स्मिथ नाही, सिंग आहे.