पिल्लासोबत फुकट मिळणारा सल्ला

कुत्र्याचं पिल्लू विकणाऱ्या दुकानात जात, भाव आणि ‘पेपर’ यांची माहिती तोंडपाठ असते. पिल्लू घरात मुतलं तर काय करायचं, एवढं विचारून पाहा. ‘नाक त्यातच घासा, दोन फटके द्या’ हे उत्तर मी एकाहून जास्त दुकानांत ऐकलंय. पिल्लाला यातून इतकंच कळतं की माणसासमोर मुतायचं नाही. मग ते सोफ्यामागे जातं. खाल्ल्यावर, झोपेतून उठल्यावर बाहेर न्या, तिथे उरकलं की लगेच खाऊ द्या, हे सांगायला पदवी लागत नाही. पण सल्ल्याचे पैसे मिळत नाहीत, गळा आवळणाऱ्या साखळीचे मिळतात.

अशा दुकानांसाठी २०१८ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हे वय उगाच ठरवलेलं नाही. चावताना दात किती रुतवायचे, हे पिल्लू आई-भावंडांशी खेळतानाच शिकतं. त्याआधी तोडलेलं पिल्लू पुढे मालकाचा हात फोडतं आणि दोष मात्र जातीला लागतो.

विकणाऱ्या पोराला मी फार बोल लावणार नाही. तुटपुंज्या पगारात त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. नोंदणी देताना पिंजऱ्याची मापं बघता, तसे त्यालाही दहा प्रश्न विचारा. कारण चावरं झालेलं कुत्रं बरेच मालक रात्री कुठल्यातरी परक्या वस्तीत सोडून येतात, आणि सकाळी शाळेला निघालेल्या तिथल्या पोरांची त्याच्याशी गाठ पडते.