वरातीतल्या गाण्याचे दाम

भोर-वेल्ह्याच्या लग्नसराईत ‘झिंगाट’ न वाजता वरात पार पडणे आता अवघडच. २९ एप्रिल २०१६ रोजी, ऐन लग्नाच्या हंगामात, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. अजय-अतुल यांनी त्यात चारच गाणी दिली. परंतु त्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण थेट लॉस एंजेलिसमध्ये झाले. २०१८ मध्ये ‘धडक’साठी हिंदीनेही ‘झिंगाट’ उचलले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ध्वनिमुद्रित गाणे ही विलक्षण वस्तू आहे. ती निर्माण करण्यास मोठा खर्च येतो. पुढे आणखी एका वरातीत वाजविण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. हलगीवाल्याचे तसे नव्हे. त्याला दर वरातीत हात चालवावाच लागतो आणि एका रात्री तो दोन गावी असू शकत नाही. तो आपली बिदागी रोख घेतो. डीजेवाला भाडे घेतो, जनरेटरवाला डिझेलचे पैसे मागतो, मांडववाला तर विसार मिळाल्यावाचून बांबू उतरवत नाही. ज्याच्यासाठी हा सारा थाट, त्या गाण्याचे मात्र कोणी काही देत नाही.

आणि हे कायद्याला धरूनच आहे! कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने धार्मिक विधींना सूट दिली असून वरात व विवाहाशी निगडित समारंभ त्यांतच धरले आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरील हक्क बळकट केला खरा. पण लग्नमंडपाच्या दाराशी तो थबकतो. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने या सुटीचा पुनरुच्चार केला. गोवा सरकारचे याविषयीचे परिपत्रक मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द ठरविले.

भाताच्या दोन खाचरांवर गुजराण करणाऱ्या वेल्ह्याच्या वधुपित्याकडे रॉयल्टी मागणे कोणालाही रुचणार नाही. त्याच्यासाठी ही सूट योग्यच होय. परंतु पानशेतच्या काठी रिसॉर्टमध्ये, व्यावसायिक कंपनीला लाखोंचे कंत्राट देऊन होणाऱ्या विवाहालाही तेच औदार्य का? तेथे गाणे हा धंद्याचा कच्चा माल आहे. कंत्राटदाराकडून रकमेच्या प्रमाणात शुल्क घ्यावे आणि घरच्या लग्नाला हात लावू नये, एवढी दुरुस्ती संसदेला अशक्य नाही. शुल्काचे वाटप मात्र प्रत्यक्ष वाजलेल्या गाण्यांच्या नोंदीवरूनच व्हावे. नाहीतर तोही पैसा बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या तिजोरीतच जाऊन पडेल.