हाडाचा पुरावा कूर्चेला चालत नाही

गुडघ्यात पीआरपीचे इंजेक्शन देण्यापूर्वी रुग्णाला जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे हाडावरच्या संशोधनातून उसने आणलेले असते. ‘ग्रोथ फॅक्टरने हाड भरून येते, तशी गुडघ्यातली झीजही भरून येईल,’ हे वाक्य आता तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातही ऐकू येते. वाक्याचा पहिला भाग बऱ्याच अटींसह खरा आहे. दुसऱ्या भागाला आज तरी आधार नाही. एकाच शास्त्राचे आपण सगळे व्यावसायिक आहोत, म्हणून हा फरक आधी आपापसांत स्पष्ट व्हायला हवा.

हाडाची गोष्ट पक्क्या पायावर उभी आहे. लॉस एंजेलिसमध्ये मार्शल युरिस्ट यांनी हाडातील खनिजे आम्लाने काढून टाकली आणि उरलेला सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत रोवला. स्नायूत नवे हाड तयार झाले. १९६५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या सांगाड्यातल्या प्रथिनाला पुढे बीएमपी हे नाव मिळाले, १९८८ मध्ये त्याची जनुके हाती आली आणि २००२ मध्ये अमेरिकेत कमरेच्या मणक्यांच्या पुढून केल्या जाणाऱ्या फ्युजनसाठी प्रयोगशाळेत बनवलेल्या बीएमपी-२ ला मान्यता मिळाली. इलियाक क्रेस्टमधून हाड काढल्यावर त्या जागी महिनोन्‌महिने ठणकणारी वेदना ज्यांनी रुग्णांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना या शोधाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण पुढचा इतिहास अधिक लक्षपूर्वक वाचावा असा आहे. नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरवर दक्षिण आफ्रिकेतील गोवेंडर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेलसोबत कोलॅजेन स्पंजवर १.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर या प्रमाणात बीएमपी-२ ठेवले, तेव्हा हाड वेळेत न जुळल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी घटला. आकडा मोठा होता. २०११ मध्ये त्याच प्रकारच्या फ्रॅक्चरवर दुसरा अभ्यास आला. त्यात २७७ रुग्णांना रीमिंग करून नेल घातली होती, आणि २० आठवड्यांनी जुळलेल्या हाडांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे निघाले. मी यातून असे समजतो की रीमिंगने हाडाला स्थैर्य आणि स्वतःचाच हाडचुरा मिळाला, तेव्हा बीएमपीला वेगळे करून दाखवण्यासारखे फारसे उरले नाही. ग्राफ्ट बसणार त्या जागेचा रक्तपुरवठा, फिक्सेशनची मजबुती, जंतुसंसर्ग, रुग्णाची साखर, तंबाखू आणि मशेरी यांचा हिशेब आधी लागतो. नॉनयुनियनमध्ये हलणारी प्लेट तशीच ठेवून वर महागडा ग्रोथ फॅक्टर टाकणे म्हणजे रुग्णाचे पैसे आणि महिने दोन्ही घालवणे होय.

दुसरा धडा मात्रेचा. किलोभर हाडातून बीएमपी निघते ते मायक्रोग्रॅममध्ये, आणि शस्त्रक्रियेत आपण ते मिलिग्रॅममध्ये वापरतो. कारण स्पंजमधून ते लवकर निसटते. भिजवलेल्या स्पंजला किमान १५ मिनिटे द्यावी लागतात, ठेवताना तो पिळला तर प्रथिन नको तिथे जाते. मानेच्या मणक्यांमध्ये मान्यतेविना वापर वाढला, तेव्हा गळ्याला आणि श्वासमार्गाला धोकादायक सूज येऊ लागली आणि जुलै २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला इशारा द्यावा लागला. ही सूज बहुधा शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान येत होती, म्हणजे काही रुग्ण तोवर घरी गेलेले. २०११ मध्ये युजीन कॅरागी यांनी दाखवून दिले, की उत्पादकांच्या पाठिंब्याने झालेल्या सुरुवातीच्या तेरा अभ्यासांत ७८० रुग्णांमध्ये बीएमपीमुळे एकही दुष्परिणाम नोंदलेला नव्हता. शल्यक्रियेत ७८० रुग्ण आणि शून्य गुंतागुंत! हे वाचताना कुणाही अनुभवी शल्यविशारदाच्या भुवया उंचावायला हव्या होत्या, आणि तरी कित्येक वर्षे त्या अभ्यासांवर विसंबून निर्णय घेतले गेले. २०१३ मध्ये येल विद्यापीठाच्या पुढाकाराने सगळी मूळ माहिती स्वतंत्रपणे तपासली गेली, तेव्हा इलियाक क्रेस्टच्या हाडापेक्षा बीएमपी-२ ठळकपणे सरस ठरले नाही.

आता कूर्चेकडे. इथे रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे जखमेत रक्ताची गुठळी होत नाही आणि दुरुस्तीला येणाऱ्या पेशीही येत नाहीत. मोझेकप्लास्टीत हे डोळ्यांनी दिसते. हाडाचा बुंधा आजूबाजूच्या हाडाशी जुळतो, पण त्याच ठोकळ्याच्या वरच्या टोकाला दोन कूर्चांमधली फट बहुधा तशीच राहते. ग्राफ्ट एक, शस्त्रक्रिया एक, आणि दोन ऊतींचे वागणे इतके वेगळे! शिवाय जे संदेश हाडाला हवे असतात, ते कूर्चेला घातक ठरू शकतात. बीएमपी-२ कूर्चापेशींना फुगवून हाडाच्या वाटेने ढकलू शकते. टीजीएफ-बीटा प्राण्यांच्या सांध्यात थेट दिल्यावर कडेला हाडाचे कंगोरे वाढले आणि सायनोव्हियम जाड व कडक झाले.

एफजीएफ-१८ पासून बनवलेले स्प्रिफर्मिन हे यातले सर्वांत आशादायक उदाहरण. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५४९ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी सर्वाधिक मात्रेच्या गटात कूर्चेची जाडी प्लासिबोपेक्षा ०.०५ मिलिमीटरने जास्त भरली. वेदना आणि हालचालीत मात्र प्लासिबोपेक्षा फरक दिसला नाही. जाडी वाढली हे मोठे यश आहे, ते मी कमी लेखत नाही. पण रुग्ण आपल्याकडे जिना चढता यावा म्हणून येतो. पीआरपीचा २०२१ चा ऑस्ट्रेलियातील अभ्यास २८८ रुग्णांचा होता. वर्षभरानंतर सलाइनच्या तुलनेत वेदनेत आणि कूर्चेच्या आकारमानात लक्षणीय फरक मिळाला नाही. त्यातल्या पीआरपीत प्लेटलेट कमी होत्या, हा आक्षेप योग्य आहे. मग आपण देतो त्या पीआरपीत किती असतात? बहुतेक ठिकाणी हे मोजलेच जात नाही. ज्या द्रवातील घटकाचे प्रमाण ठाऊक नाही, त्याचे यश आणि अपयश दोन्ही शास्त्रासाठी वाया जाते.

म्हणून माझी भूमिका अशी आहे. हाडासाठी, योग्य वाहकावर, मान्य जागी आणि मान्य मात्रेत ग्रोथ फॅक्टर जरूर वापरावेत; घोट्याच्या आणि पायाच्या मागच्या भागातील हाडांच्या फ्युजनसाठी पीडीजीएफला २०१५ मध्ये अमेरिकेत मिळालेली मान्यता तर स्वागतार्हच आहे. सांध्याच्या कूर्चेसाठी पीआरपी द्यायची असेल, तर वेदना काही काळ कमी होण्याची शक्यता रुग्णाला सांगावी आणि ‘झीज भरून येईल’ हे वाक्य आपल्या तोंडून व संमतिपत्रातून काढून टाकावे.

येत्या अंकांपासून या विषयावरच्या केस रिपोर्टसाठी आम्ही पाने राखून ठेवत आहोत. पीआरपीचा रिपोर्ट पाठवताना रुग्णाच्या रक्तातील आणि दिलेल्या पीआरपीतील प्लेटलेटची संख्या, गोठणरोधक कोणता वापरला आणि श्वेतपेशी ठेवल्या की काढल्या, हे लिहावे. बीएमपी किंवा पीडीजीएफ वापरले असेल, तर मात्रा, वाहक, फिक्सेशनचा प्रकार आणि रुग्णाचे तंबाखूचे व्यसन नोंदवावे. किमान एक वर्षाचा पाठपुरावा असावा. हाड जुळले नाही किंवा गुडघा तसाच दुखत राहिला, अशा रुग्णांचे रिपोर्ट आम्ही आधी छापू.